कल्याण-डोंबिवलीएवढा देश

यंदा जूनमध्ये घरपट्टीची बिले घेऊन आम्ही चार-पाच जण सोसायटीच्या ऑफिसात बसलो होतो. सवलतीची मुदत संपायच्या आत पैसे भरायचे, हा दरवर्षीचा शिरस्ता. बिलावर बारीक अक्षरांत बऱ्याच ओळी असतात आणि सहसा कोणी त्या वाचत नाही. या वेळी सातव्या मजल्यावरच्या एका तरुण गृहस्थाने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले : शिक्षण कर.

‘‘काका, माझा मुलगा खासगी शाळेत. फी मी भरतो, बसचे मी भरतो, क्लासचे मी भरतो. मग हा कर कोणासाठी?’’

त्यावर ऑफिसात जी चर्चा झाली ती आपल्याकडे कुठेही होते तशीच. एक जण म्हणाला, सरकारने देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करायला हवेत आणि प्रत्यक्षात होतात तीन. दुसऱ्याने मोबाइल काढून दाखवले की नव्या शैक्षणिक धोरणातच चार पूर्णांक त्रेचाळीस शतांश टक्के असा आकडा आहे. दोघेही हट्टाला पेटले. मी आयुष्यभर एका बँकेत हिशेब तपासण्याचे काम केले. दोन आकडे जुळत नसले की मला झोप येत नाही, ही जुनी खोड. घरी आलो आणि कागद काढून बसलो. ते बसणे दिवाळी आली तरी चालूच आहे.

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. शिक्षणावरच्या खर्चाबद्दल जेवढे वाद होतात त्यांतले निम्मे अंशात काय धरले यावरून होतात आणि उरलेले छेद कोणता यावरून. ‘बजेटच्या पंधरा टक्के’ आणि ‘उत्पन्नाच्या तीन टक्के’ ही एकाच खर्चाची दोन वर्णने असू शकतात, कारण पहिल्यात छेद सरकारचा खर्च आहे आणि दुसऱ्यात सगळ्या समाजाची कमाई. सरकार समाजाच्या कमाईतला किती भाग कर म्हणून गोळा करते, हा मधला दुवा. तो विसरला की पुढारी एक आकडा सांगतो, विरोधक दुसरा सांगतो आणि दोघेही खरे बोलत असतात.

आमच्या ऑफिसातल्या भांडणाचेही तसेच निघाले. २०२०च्या शैक्षणिक धोरणातला ४.४३ टक्क्यांचा आकडा २०१७-१८चा आहे. त्यात केंद्र आणि राज्ये यांच्या शिक्षण खात्यांबरोबर इतर खात्यांनी शिक्षण-प्रशिक्षणावर केलेला खर्चही धरलेला आहे. केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात त्याच काळासाठी तीन टक्क्यांच्या आसपासचा आकडा येतो, कारण तिथे अंशाची व्याख्या आखूड आहे. देश तोच, वर्षे तीच, जीडीपीही तोच. फरक दीड टक्क्याचा. आपल्या जीडीपीचा दीड टक्का म्हणजे काही लाख कोटी रुपये, तेव्हा हा फरक किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

आता या सहा टक्क्यांचे मूळ. आपल्याकडे हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो, पण तो आला कुठून हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. तो आला कोठारी आयोगाच्या अहवालातून. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष, पण अहवालाचा कणा असलेले सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. जन्म १९०७चा, कोल्हापूर संस्थानातल्या आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी आणि पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. ते दहा वर्षांचे असताना, १९१७ साली, त्यांच्या संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. संस्थान म्हणजे लहानसा देशच. वस्ती आठ-साडेआठ लाखांची. आणि ‘पैसा कुठून आणायचा’ हा प्रश्न त्या दरबारातही पहिलाच होता.

त्याच्या सहा वर्षे आधी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हाच प्रश्न कलकत्त्याला केंद्रीय कायदेमंडळात मांडला होता. (गोखल्यांची शाळा कागलची, शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले आणि नाईक आजऱ्याकडचे. शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडणारी माणसे एका जिल्ह्यात इतकी कशी निपजली, याचे मला नवल वाटत आले आहे.) १९११च्या त्यांच्या विधेयकात सक्ती एकदम देशभर नव्हती. जी स्थानिक मंडळे तयार असतील तिथेच ती लागू व्हायची आणि खर्चाचे दोन वाटे सरकारने, एक वाटा स्थानिक मंडळाने उचलायचा. पुढच्या वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्याही आधी, १८९३ साली, सयाजीराव गायकवाडांनी अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून पाहिला होता आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदा संस्थानाला लावला होता. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाला जे परवडत नाही असे सांगितले जात होते, ते शेजारच्या एका संस्थानाला परवडत होते.

माझ्या बिलावरच्या ओळीचे मूळ मात्र याहून जुने आहे. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर बसवला गेला. त्यातले दोन वाटे रस्त्यांसाठी आणि एक वाटा शाळांसाठी. कर देणारा शेतकरी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमके यावरच बोट ठेवले : सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाच्या नावाने तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. आजच्या भाषेत सांगायचे तर फुले विचारत होते की अंश केवढा हे सांगू नका, अंशाच्या आत कोण आहे ते सांगा. सातव्या मजल्यावरच्या गृहस्थाचा प्रश्न वरवर तसाच, पण उलट्या बाजूने आलेला. आताचा हा कर १९६२च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियमातला. महापालिका तो आपल्याकडून गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते.

कोठारी आयोगाचा अहवाल १९६६ साली आला. मी तेव्हा कोलशेतच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होतो. कोलशेत तेव्हा ठाण्याबाहेरचे खेडे. खाडी, कोळी-आगऱ्यांची घरे, विमानदलाचे ठाणे आणि नव्याने उभे राहिलेले रंगरसायनांचे कारखाने. वडील त्यांतल्याच एका कारखान्यात कामगार. फी किती होती, असे मी नंतर आईला विचारले तेव्हा ती हसली होती. पाटी-पेन्सिल तेवढी घरची.

त्या अहवालात लिहिले होते की १९६५-६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्के खर्च होतो, तो १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा. माणशी बारा रुपयांवरून चोपन्न रुपयांवर. यातल्या तीन गोष्टी नंतरच्या वक्त्यांनी गाळल्या. एक, आयोगाच्या २.९ टक्क्यांत फीसारखा सरकारबाहेरचा पैसाही मोजलेला होता. दोन, छेद ‘राष्ट्रीय उत्पन्न’ हा होता. आपण आज वापरतो तो जीडीपी त्याहून मोठा भरतो. तीन, हा हिशेब अर्थव्यवस्था दरसाल सहा टक्क्यांनी आणि लोकसंख्या २.१ टक्क्यांनी वाढेल असे धरून केला होता. अर्थव्यवस्था त्या वीस वर्षांत त्या वेगाने वाढली नाही. १९६८च्या धोरणाने सहा टक्के म्हटले, १९८६च्या धोरणाने म्हटले, २०२०च्या धोरणानेही म्हटले. मुदत संपून चाळीस वर्षे झाली. बँकेत अशा खात्याला आम्ही काय म्हणतो ते वाचकांना सांगायला नको.

पण सहाच का? हा आकडा हवेतला नाही, हे मला एका साध्या गणिताने पटले. समजा शंभर माणसांचे गाव आहे आणि दरडोई उत्पन्न एक, म्हणजे गावाचे उत्पन्न शंभर. शंभरात पंचवीस मुले शाळेच्या वयाची. पंचवीस मुलांना एक शिक्षक. त्या शिक्षकाला गावाच्या दरडोई उत्पन्नाच्या चौपट पगार. झाले, चार टक्के शिक्षकाच्या पगारातच गेले. त्यात इमारत, पुस्तके, दुपारचे जेवण, तपासनीस आणि वरचे कॉलेज घाला, आकडा पाच-सहावर जातो. देश कोणताही असो, हा हिशेब साधारण लागू पडतो, कारण शाळा म्हणजे मुख्यतः पगार आणि पगार त्या त्या देशाच्या उत्पन्नाशी बांधलेला असतो. टक्केवारीने देशांची तुलना करण्यात जो काही अर्थ आहे तो यामुळेच.

आणि हा आकडा खाली आणायचे मार्गही याच गणितात दिसतात. वर्गात पंचवीसऐवजी पन्नास मुले बसवा. शिक्षकाला कमी द्या. किंवा पंचवीसपैकी बारा मुले फी भरून दुसरीकडे जातील अशी व्यवस्था होऊ द्या. आपण तिन्ही केले. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली : पहिली तीन वर्षे ठरावीक मानधन. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे ते मानधन २०२३ पर्यंत महिना सहा हजार होते, मग सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक वीस-वीस टक्क्यांच्या अनुदानासाठी आझाद मैदानात बसतात, तेही या अपूर्णांकाच्या अंशात शिरण्यासाठीच. त्यांची शाळा आज चालतेच आहे, मुले शिकतच आहेत. फक्त त्यांचा खर्च सरकारच्या वहीत नाही.

या ठिकाणी मला मॉरिशस आठवला. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे तिथे गेलो होतो. इतरांसारखेच समुद्र बघायला. पण तिथे मराठी मंडळी आहेत. १८३४ नंतर ऊस तोडायला मजूर म्हणून नेलेल्या लोकांत मुंबई बंदरातून गेलेले कोकण आणि देशावरचे लोक होते, त्यांचे वंशज. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. शाळेत मराठी विषय घेता येतो आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तो पुढेही शिकता येतो. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी-फ्रेंच आणि मराठी ती पूजेच्या वेळी, असा बराचसा मामला. मला तिथे जे लक्षात राहिले ते बसमधले दृश्य. दुपारी गणवेशातली मुले बसमध्ये चढत होती आणि कोणी तिकीट काढत नव्हते. विद्यार्थी आणि वृद्ध यांना २००५ पासून बस मोफत आहे.

परत आल्यावर मी लोकसंख्या पाहिली. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. मॉरिशसचीही त्याच वर्षी बारा लाखांच्या वरच, जवळपास तेवढीच. म्हणजे टिटवाळ्यापासून डोंबिवलीपर्यंतची वस्ती उचलून हिंदी महासागरात ठेवावी, तिला एक पंतप्रधान द्यावा, एक अर्थमंत्री द्यावा, की झाला देश.

या देशाने १९७७ साली माध्यमिक शिक्षण मोफत केले. १९७५ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, १९७६च्या अखेरीस निवडणूक होती आणि मधल्या वर्षांत साखरेचे भाव चढल्याने तिजोरीत पैसा होता. तिन्ही कारणे जुळली. शहाणपणच जुळले असे मी म्हणणार नाही, निवडणुकीने बऱ्याच चांगल्या गोष्टी घडवून आणलेल्या आहेत. त्याआधी, १९६१ साली, पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याबद्दल फार निराशेने लिहिले होते. २०१९ पासून तिथल्या सरकारी विद्यापीठांतली पहिली पदवीही मोफत आहे. शिक्षणावरचा सरकारी खर्च उत्पन्नाच्या साडेचार ते पाच टक्क्यांच्या आसपास असतो.

आता आपल्या ४.४३ शेजारी हे पाच ठेवले तर वाटेल, फरक तो काय! इथेच टक्केवारी दगा देते. मॉरिशसचे दरडोई उत्पन्न आपल्या चौपटीहून जास्त. शिवाय तिथे मुले कमी झाली आहेत. पंधरा वर्षांखालची मुले शंभरात पंधरा-सोळा, आपल्याकडे सुमारे पंचवीस. म्हणजे टक्का सारखा ठेवला तरी एका मुलाच्या वाट्याला तिथे सहापटीहून अधिक रुपये येतात. त्यातले बरेचसे तिथल्या शिक्षकाच्या मोठ्या पगारात जातात हे खरे, कारण तिथे सगळेच महाग. पण दीडपटीचा फरक निव्वळ मुलांच्या संख्येचा आहे आणि तो खराखुरा आहे.

लहान देशाच्या अपूर्णांकाला आणखी एक गुण असतो. अंश आणि छेद यांची हद्द एकच असते. तिथे कमावणारा, कर देणारा, शाळा चालवणारे सरकार आणि शिकणारे मूल एका बेटावर. डोंबिवलीचे तसे नाही. डोंबिवलीकर सकाळची लोकल पकडून फोर्टात नाहीतर अंधेरीत कमावतो, आयकर दिल्लीला जातो. त्यावर आरोग्य आणि शिक्षण यांचा म्हणून चार टक्के अधिभार, तोही दिल्लीला. घरपट्टीतला शिक्षण कर मंत्रालयाला. आणि त्याच्या गल्लीतल्या शाळेचा खर्च कधी महापालिका, कधी राज्य, कधी समग्र शिक्षा अभियान असा तुकड्यातुकड्यांनी येतो. कल्याण-डोंबिवली आपल्या उत्पन्नाच्या किती टक्के शिक्षणावर खर्च करते, या प्रश्नाला उत्तर नाही. छेदच कोणी मोजत नाही. मॉरिशसच्या अर्थमंत्र्याला कोणीही चौकात विचारू शकते. इथे विचारायचे कोणाला?

लहान देशांचे आकडे जपून वाचावे लागतात, हेही सांगायला हवे. किरिबाती, मार्शल बेटे, मायक्रोनेशिया अशा पॅसिफिकमधल्या ठिपक्यांचा शिक्षणखर्च उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्याही वर जातो. ते फार शहाणे आणि आपण अडाणी, असा त्याचा अर्थ नाही. दर बेटावर एक शाळा लागते, मग तिथे पोरे दहा असोत की शंभर. लोकसंख्येत मुलेच जास्त. आणि पैसा बराचसा बाहेरच्या मदतीचा, मार्शल बेटांच्या बाबतीत अमेरिकेचा. अंश बाहेरून आलेला, छेद घरचा. याच्या उलट आयर्लंड. परदेशी कंपन्यांचा नफा तिथल्या जीडीपीत इतका फुगून दिसतो की त्यांनी स्वतःसाठी उत्पन्नाचे वेगळे मोजमापच काढले. जीडीपीशी तुलना केली तर आयर्लंड शिक्षणावर कंजूष दिसतो, पण तसा तो नाही. मॉरिशसच्या उत्पन्नातही परदेशी कंपन्यांच्या कागदी उलाढालीचा अंश आहे. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी गुंतवणुकीतला मोठा भाग वर्षानुवर्षे त्याच बेटावरून फिरून येत होता, हे अर्थविषयक पाने वाचणाऱ्यांना ठाऊक असेल.

हे सगळे परदेशांतच होते असे नाही. महाराष्ट्र शिक्षणावर राज्याच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास खर्च करतो, बिहार पाच टक्क्यांच्या आसपास. ऐकून मान खाली जाते. पण २०२३-२४चे दरडोई उत्पन्न घ्या : बिहारचे सुमारे ६६ हजार, महाराष्ट्राचे पावणेतीन लाखांच्या वर. ६६ हजारांचे पाच टक्के म्हणजे माणशी तेहतीसशे रुपये, पावणेतीन लाखांचे दोन टक्के म्हणजे साडेपाच हजार. शिवाय बिहारात मुले जास्त, म्हणजे दर मुलामागे फरक आणखी वाढतो. वेतन आयोगाच्या पगाराचा शिक्षक बिहारला त्याच्या उत्पन्नाच्या मानाने फार महाग पडतो, महाराष्ट्राला तितका पडत नाही. बिहारची बरीचशी तिजोरी दिल्लीहून भरते, आणि दिल्लीची बरीचशी मुंबई-ठाण्याच्या करांतून. मार्शल बेटे आणि अमेरिका यांचेच नाते, एका देशाच्या आत.

मग महाराष्ट्राने स्वतःची पाठ थोपटून घ्यावी का? माझे मत नाही असे आहे. दोन टक्क्यांचा अर्थ असा होतो की ज्या राज्याला चार टक्के परवडले असते त्याने उरलेला भार घराघरांवर टाकला. केंद्राच्या २०२५च्या नमुना पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागे कुटुंबाचा वर्षाचा खर्च सरासरी २,८६३ रुपये आला आणि इतर शाळांतल्या मुलामागे २५,००२ रुपये. देशाची सरासरी आहे ही. आमच्या कोलशेत रस्त्यावरच्या फीच्या पावत्या पाहिल्या तर हा आकडा कोणत्या देशातला असे वाटेल. शहरांत दहातली तीन मुले शिकवणीला जातात, असेही त्या पाहणीत आहे. क्लासच्या फीवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे शिकवण्यासाठी सरकार देते त्यापेक्षा शिकण्यावर सरकार घेते, असे म्हणायचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण बेरीज तशी नाही. पण क्लासवाल्याला दिलेली फी जीडीपीत धरली जाते, म्हणजे छेदात जाते. सरकारच्या अंशात मात्र ती येत नाही. पालिकेच्या शाळेतून एक मूल काढून फीच्या शाळेत आणि वर क्लासला घातले की पालिकेच्या खर्चाचे कारण एका मुलाने कमी होते आणि देशाचे उत्पन्न वाढलेले दिसते. अपूर्णांक दोन्हीकडून खाली येतो. शिक्षणावर समाजाचा पैसा वाढला आणि टक्का घटला, हे एकाच वेळी खरे असू शकते.

मॉरिशसलाही हे सुटलेले नाही, हे सांगितलेच पाहिजे. शाळा मोफत, बस मोफत, पण प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेसाठी तिथल्या पालकांनी शिकवण्यांवर इतका पैसा ओतला की सरकारला खालच्या इयत्तांच्या शिकवण्यांवर कायद्याने बंदी आणावी लागली. आणि २०१७च्या सुमारास ती परीक्षाच बदलावी लागली. चांगल्या माध्यमिक शाळा मोजक्या, त्यांच्यासाठी धावणारे सगळे. फुकट शाळेच्या दारात विकत घेतलेली रांग. डोंबिवलीच्या पालकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी पालिकेच्या शाळेत सातवीत आहे. पुस्तके मिळतात, दुपारी खिचडी मिळते. गणिताला ती संध्याकाळी शेजारच्या चाळीत एका मुलीकडे शिकवणीला जाते, महिना सातशे रुपये. बाईंनी एकदा मलाच विचारले होते, ‘‘काका, शाळा फुकट आहे तर मग हे सातशे कशाचे?’’ मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता वाटते, सातव्या मजल्यावरचा आणि बाईंचा प्रश्न एकच आहे, फक्त एक जण कराच्या ओळीवर बोट ठेवतो आणि दुसरीला शिकवणीचे पैसे मोजावे लागतात. २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा अशा मुलांसाठी ठेवल्या. त्यांच्या फीची भरपाई सरकारने करायची. महाराष्ट्रात त्याची मर्यादा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये. ही रक्कम शाळांना वेळेवर मिळत नाही ही तक्रार जुनी आहे. २०२४च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा ठेवायची गरज नाही. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. त्या मधल्या पाच महिन्यांत बाईंच्या धाकट्याचा अर्ज भरायचा की नाही, यावर आमच्या स्वयंपाकघरात रोज खल चालला होता.

सातव्या मजल्यावरचे गृहस्थ परवा पुन्हा भेटले, लिफ्टमध्ये. मी सगळे सांगायला लागलो तर ते म्हणाले, ‘‘काका, एवढे नको. माझे एकट्याचे काढून द्या.’’ घरी बसून काढले. नवराबायकोच्या मिळकतीतले एका मुलाच्या शिक्षणावर जाणारे : शाळा, बस, क्लास, गणवेश, सहल आणि दोन मोबाइल ॲप. साडेअकरा टक्के आले. शिक्षण कर त्यात एका टक्क्याच्या शंभराव्या भागातही धड बसेना. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘आणि तुमच्या वडिलांचे किती होते हो?’’

मी सांगितले, पाटी-पेन्सिल. ते हसले नाहीत. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसरा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल तेव्हा पुन्हा बसू, म्हणाले.